बूस्ट ०.९ ला लावला तरी सहा हजार आरपीएमला १.३ दाखवतोय: कंट्रोलर, स्प्रिंग की वेस्टगेट? (नागपूर)

अंबाझरी१८

मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्हवाली. टर्बो हायब्रिड आहे, म्हणजे लहान केओ३ टर्बोच्याच घरात मोठ्या केओ४ चं कंप्रेसर चाक. तीन इंची डाउनपाइप (टर्बोला लागूनचा एक्झॉस्ट पाइप), मागे मोकळा एक्झॉस्ट, पुढे मोठा इंटरकूलर. ईसीयू (इंजिनाचा संगणक) ज्याने बूस्ट आवरतो तो एन७५ व्हॉल्व्ह बाजूला करून बॉल-स्प्रिंगचा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर लावलाय. वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) उघडणाऱ्या ॲक्च्युएटरची स्प्रिंग ०.४ बारची.

तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला की साडेतीन हजारला ०.९ बार बूस्ट (टर्बोने दिलेला, वातावरणाच्या वरचा दाब) येतो. इथवर ठीक. पण तिथे थांबत नाही. पाच हजारला १.१, सहा हजारला १.३, आणि मग ईसीयू झटका देऊन पॉवर कापतो. कोड १७९६३, चार्ज प्रेशरची वरची मर्यादा ओलांडल्याचा. मे महिन्यात हे इतकं नव्हतं, डिसेंबरच्या पहाटे मात्र हमखास होतं. कंट्रोलरची घुंडी पूर्ण सैल केली तर खालचा बूस्ट कमी झाला, वरचा फारसा नाही.

कंट्रोलर बदलू का?

डिझेलभाऊ

व्हॅक्यूमची नळी तपासा आधी. माझ्या गाडीत नळी फाटली होती तेव्हा बूस्टची पार वाट लागली होती. पन्नास रुपयांची नळी आणि काम झालं.

दाबमापक

डिझेलभाऊ, तुमच्या गाडीत व्हीजीटी, म्हणजे हलत्या पंखांचा टर्बो, असेल. तिथे व्हॅक्यूम पंखांना बूस्ट बनवायच्या बाजूला ओढतो, म्हणून नळी फाटली की बूस्ट पडतो आणि काळा धूर निघतो. या १.८ मध्ये उलटं आहे. इथे बूस्टचाच दाब डायफ्रॅमला ढकलतो, डायफ्रॅम दांडा ढकलतो आणि दांडा टर्बाइनच्या बाजूची झडप उघडतो. नळी सुटली तर झडपेला उघडायचा निरोपच मिळत नाही आणि बूस्ट सुसाट चढतो. म्हणून प्रेशर ॲक्च्युएटरच्या गाडीत ही नळी सगळ्यात चांगल्या प्रतीची हवी, आणि केबल टायवर नको, नीट क्लिप हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर किती टिकतं ते तुम्हाला माहीत आहेच.

पण अंबाझरी, नळी सुटली असती तर तुला साडेतीन हजारला ०.९ वर थांबा दिसलाच नसता. तुझा ग्राफ वेगळं सांगतोय. बूस्ट पटकन वर जाऊन परत खाली बसत असेल तर ती उसळी. ती कंट्रोलरच्या सुस्तीची किंवा लांब नळीची गोष्ट. बूस्ट ठरलेल्या जागी बसून आरपीएमबरोबर हळूहळू वर सरकत असेल तर ते क्रीप. इंजिन जितका एक्झॉस्ट वायू देतंय, तितका झडपेतून बाहेर पडत नाहीये. उरलेला टर्बाइनवरून जातो आणि चाक आणखी जोरात फिरवतो.

घुंडी सैल करूनही वरचा बूस्ट उतरत नाही, ही तुझी सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. कंट्रोलर झडप उघडायला उशीर करू शकतो. उघडलेल्या झडपेतून जास्त वायू काढणं त्याच्या हातात नाही.

आता एक कर. कंट्रोलर पूर्ण काढून टाक. कंप्रेसरच्या तोंडापासून ॲक्च्युएटरपर्यंत एकच आखूड नळी, मधे काहीही नाही. मग लॉग, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, घे. स्प्रिंग ०.४ ची असेल तर बूस्ट ०.४ च्या आसपास राहायला हवा, सहा हजारलाही. राहिला तर दोष कंट्रोलरच्या नळ्यांत. चढला तर कंट्रोलरचा विषयच संपला.

सीताबर्डी_सिग्नल

लॉग कुठे घेणार? तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजार म्हणजे समृद्धीची १२० ची मर्यादा केव्हाच मागे पडते. शिवमडक्याहून निघालं की रस्ता रिकामा दिसतो म्हणून हात शिवशिवतात, हे समजू शकतो. तरी नको. रोलरवर जा, म्हणजे डायनोवर, जिथे गाडी जागच्या जागी पळते.

आणि आरसी बुकात इंजिनातले हे बदल नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून ठेवा. अपघात झाला तर विमावाले आधी बॉनेट उघडतील.

अंबाझरी१८

सिग्नल, मान्य. पुढच्या आठवड्यात कामानिमित्त पुण्याला गाडी नेतोय, तिथे डायनोवर तासभर मिळतोय. तोवर पाय हलका.

मिहानकर

जाण्याआधी मोजमाप एका भाषेत आण. तू ०.९ म्हणतोस ते डॅशवरच्या गेजवरचं की लॉगमधलं? ईसीयूच्या लॉगमध्ये निरपेक्ष दाब असतो, मिलिबारमध्ये. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणजे इथली हवा साधारण ९७५ मिलिबार. गेजवरचा १.३ बार लॉगमध्ये साधारण २२७५ दिसायला हवा. मूळ सेन्सरची वरची हद्द २५५० च्या आसपास आहे. त्यापुढे दाब कितीही चढला तरी लॉग सपाटच राहतो आणि आपल्याला वाटतं सगळं आटोक्यात आहे.

आणखी एक गंमत. स्प्रिंग आणि मॅन्युअल कंट्रोलर वातावरणाच्या तुलनेत काम करतात. चिखलदऱ्याला ११०० मीटरवर गेलास की बाहेरची हवाच ८९० च्या आत येते. गेज तेवढाच दाखवेल, पण सिलिंडरमध्ये हवा कमी जाईल. एन७५ असता तर ईसीयूने निरपेक्ष आकडा गाठायला टर्बोला जास्त पळवलं असतं. दोन्ही पद्धतींत फायदे-तोटे आहेत. आपण कोणता आकडा वाचतोय ते मात्र ठाऊक हवं.

सेन्सरवर आंधळा विश्वास नको, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तोवर अर्ध्या देशाने आपल्याला फोन करून झाले होते.

लेथवाला_हिंगणा

भाऊ, मले एक सांग. डाउनपाइप कोनं बनवला? तयार आणला का इथंच वेल्डिंग करून घेतला? अन् टर्बो अन् पाइपच्या मधातलं गॅस्केट कोनतं टाकलं?

अंबाझरी१८

फ्लँज तयार मिळाली, पाइप इथेच वेल्ड करून घेतला. गॅस्केट फ्लँजबरोबर आलेलंच. का हो भाऊ?

लेथवाला_हिंगणा

काहून विचारलं ते सांगतो. वेस्टगेटचा फ्लॅप टर्बाइनच्या घरातून डाउनपाइपच्या तोंडात उघडते. मूळ पाइपात त्याच्यासाठी जागा ठेवली असते. बनवलेल्या पाइपात वेल्डची ओठी आत आली, नाही तर गॅस्केटचं भोक लहान असलं, तर फ्लॅप थोडा उघडून तिथंच अडकते. दार उघडाले गेलं अन् मागं कपाट ठेवलं आहे, तशी गत. बाहेरून दांडा हललेला दिसते, म्हणून मानूस समजते उघडला.

गाडी उचलून पाहा. गॅरेजातल्या कंप्रेसरच्या हवेले रेग्युलेटर लाव, ॲक्च्युएटरले हळूहळू दाब दे. एका बारच्या वर जाऊ नको, डायफ्रॅम फाटन. दांडा कधी हलाले लागते, किती मिलिमीटर चालते, ते डायल गेजवर मांड. एकदा पाइप लावून, एकदा पाइप काढून. दोन्ही आकडे सारखे आले तर मी चूप.

दाबमापक

लेथवाल्यांनी नेमकी जागा दाखवली. पुण्याला जाण्याआधीच हे करून घे, डायनोचे पैसे वाचतील. दाब देऊन हवा बंद कर आणि काही वेळ थांब. गेज उतरत असेल तर डायफ्रॅम गळतोय.

थंडीत जास्त का होतं, तेही इथेच लिहून ठेवतो. १२ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा जवळपास दहा टक्के विरळ असते. थंडीत इंजिन तितकी जास्त हवा ओढतं, तितकंच जास्त इंधन जळतं, एक्झॉस्टचा वायू वाढतो, आणि झडपेची क्षमता आहे तेवढीच. म्हणून जिथे काठावर धकत होतं तिथे डिसेंबरात क्रीप दिसतो.

पण याचा अर्थ उन्हाळा सुरक्षित असा घेऊ नकोस. ४५ अंशांची हवा दाबून दुप्पट केली की सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या कंप्रेसरमधून ती १४५ ते १५० अंशांनी बाहेर पडते. पहाटेच्या हवेसाठी हाच आकडा शंभरच्या थोडा वर. इंटरकूलर त्यातलं बरंच खाली आणतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलला उभं राहून लगेच पूर्ण पाय दिला तर नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसायला) तोच सगळ्यात वाईट क्षण. मॅन्युअल कंट्रोलरला यातलं काही कळत नाही. तो जानेवारीत जेवढा बूस्ट देतो तेवढाच मे महिन्यात.

डिझेलभाऊ

म्हणजे माझ्या पन्नास रुपयांच्या नळीचा इथे उपयोग नाही. बरं. पण मग लोक दांड्याचा नट फिरवून बूस्ट वाढवतात ते काय?

मिहानकर

तो प्रीलोड. दांडा आखूड केला की स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते, फ्लॅप सीटवर घट्ट बसतो, उघडायला जास्त दाब लागतो. वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचा दाब फ्लॅपला आतून ढकलत असतो. स्प्रिंग मऊ असली की तो तसाच फटीने उघडतो आणि बूस्ट शेवटी गळतो. त्यावर प्रीलोड चांगला उपाय आहे. क्रीपवर नाही. उलट दांड्याची चाल आणखी कमी होते. अंबाझरी, तू फिरवलेला नाहीस ना?

अंबाझरी१८

नाही, नट जिथे होता तिथेच आहे, त्यावर पिवळा रंगही तसाच आहे.

चाचणी झाली. लेथवाले भाऊ, नमस्कार घ्या. पाइप काढून: दांडा ०.४ ला हलायला लागतो, ०.९ ला ११ मिलिमीटर चालतो. पाइप लावून: ०.४ ला हलतो, ५ मिलिमीटरवर टक्क आवाज करून थांबतो. दाब वाढवला तरी पुढे नाही. डायफ्रॅम गळत नाही. गॅस्केटवर फ्लॅपच्या कडेचा चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा आहे, आणि फ्लँजच्या आत वेल्डची एक गाठ.

लेथवाला_हिंगणा

आन इकडं एमआयडीसीत. गाठ घासून टाकू, गॅस्केट मोकळं करू. पन एक आताच सांगून ठेवतो, वेस्टगेटचं भोक मोठं करून देत नाही. पहिले हे करून पाहू.

सीताबर्डी_सिग्नल

भोक मोठं करायला काय हरकत आहे? सगळे तर पोर्टिंग करतात म्हणे.

लेथवाला_हिंगणा

करतात, अन् मंग माझ्याकडंच येतात. फ्लॅप जेवढा आहे तेवढाच आहे. भोक वाढवलं की त्याच्या भोवतीची सीट पातळ होते. दोन-तीन मिलिमीटर सीट राह्यली पाहिजे, नाही तर बंद असतानाच फ्लॅप गळते अन् बूस्ट उशिरा येते. दुसरं, जितकं भोक मोठं तितका एक्झॉस्टचा जोर फ्लॅपवर जास्त. मंग स्प्रिंग बदल, मंग पुन्हा क्रीप पाहा. पुरं चक्र सुरू होते. कास्ट आयर्न आहे, एकदा काढलेला माल परत येत नाही. अगदीच गरज पडली तर भोकाची आतली धार गोल करून देईन, त्यानंही वायू सरळ वळते.

दाबमापक

शंभर टक्के सहमत. इथून पुढे खरोखर मोठा टर्बो लावायचा असेल तर बाहेरचा वेस्टगेट लागतो, मॅनिफोल्डवर वेगळ्या पाइपाने. तिथेही तो पाइप कुठल्या कोनात निघतो यावर सगळं अवलंबून. काटकोनात काढला तर मोठा वेस्टगेट लावूनही क्रीप होतो, कारण वायू त्या वळणाला जायला तयार नसतो. या गाडीला त्याची गरज वाटत नाही.

अंबाझरी१८

अपडेट. गाठ घासली, गॅस्केटचं भोक फ्लॅपच्या चालीइतकं मोकळं केलं. पाइप लावून आता दांडा ११ मिलिमीटर चालतो. वेस्टगेटच्या भोकाला हात लावला नाही.

पुण्यात डायनोवर आधी कंट्रोलरशिवाय, नळी थेट: साडेतीन हजारला ०.४, सहा हजारला ०.४५. मग कंट्रोलर लावून ०.९ ला: सुरुवातीला १.० ची छोटी उसळी, मग ०.९, सहा हजारला ०.८५. कोड नाही. डायनोवाल्याने आणखी दोन गोष्टी पाहिल्या. कंट्रोलरच्या ॲक्च्युएटरकडच्या बाजूचं बारीक भोक धुळीने अर्धं बुजलेलं होतं, ते साफ केलं. आणि माझ्या गेजची नळी इनटेक मॅनिफोल्डवरून आहे, ॲक्च्युएटरची कंप्रेसरवरून. त्यामुळे गेज इंटरकूलरनंतरचा दाब दाखवतो आणि ॲक्च्युएटर आधीचा. दोन्हींत थोडा फरक राहणारच असं तो म्हणाला.

आता प्रश्न असा: कंट्रोलर ठेवू की एन७५ परत लावू?

मिहानकर

ॲक्च्युएटरची नळी कंप्रेसरवरच राहू दे. मॅनिफोल्डवरून घेतली तर अर्ध्या पायावर थ्रॉटल अर्धवट बंद असताना मॅनिफोल्डमध्ये दाब कमी, टर्बोच्या पुढे मात्र जास्त, आणि ॲक्च्युएटरला ते कळतच नाही.

ते बारीक भोक दर सर्व्हिसला बघत जा. बॉलच्या पुढे गेलेला दाब परत सुटायची तीच वाट आहे. पूर्ण बुजलं तर झडप उघडीच राहते, गाडी मेल्यासारखी चालते, आणि मालक टर्बो गेला म्हणून रडत बसतो.

दाबमापक

माझं मत एन७५. वीज गेली, कनेक्टर सुटला, काहीही झालं तरी तो पूर्ण दाब ॲक्च्युएटरला देतो, म्हणजे बूस्ट स्प्रिंगवर येऊन थांबतो. ईसीयू इनटेकचं तापमान आणि नॉक बघून ड्यूटी सायकल (एन७५ किती वेळ चालू ठेवायचा ते प्रमाण) कमी करतो. त्यासाठी मॅप (ईसीयूतला आकड्यांचा तक्ता) मात्र या टर्बोसाठी लिहिलेला हवा, मूळ मॅपवर एन७५ लावून उपयोग नाही. बॉल-स्प्रिंगचा एक गुण मान्य करतो, ठरलेल्या दाबापर्यंत तो झडप पूर्ण मिटून ठेवतो, त्यामुळे बूस्ट लवकर येतो. चांगल्या मॅपमध्ये तेही साधतं.

ट्यूनरकडे जाशील तेव्हा ई२० वर (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) गाडी चालते हेही सांग. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण साडेतेरा. जुन्या मॅपवर पूर्ण पायाला मिश्रण पातळ राहत असेल तर नुसता बूस्ट आवरून भागणार नाही. वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावूनच ठरवा.

लेथवाला_हिंगणा

माझं उलटं. ज्याले मॅप लिहिता येते असा मानूस दोनशे किलोमीटरात सापडत नसेल तर बॉल-स्प्रिंग ०.७ वर ठेव अन् चालव. कागदावर एन७५ चांगला, पन चुकीच्या मॅपचा एन७५ कोनालेच नको.

अंबाझरी१८

तूर्त ०.७ वर ठेवतो. मॅपचं पाहतो, पुण्यातल्याच माणसाशी बोलणं चालू आहे.

टीएसआय_नवा

मधे घुसतो, माफ करा. माझी तैगुन १.० टीएसआय, नवीन आहे. ॲक्च्युएटरच्या दांड्यावर मलाही नट दिसतोय. थोडा फिरवला तर प्रीलोड वाढेल का?

मिहानकर

हात लावू नका. तुमच्या गाडीत डायफ्रॅम नाही, इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर आहे. छोटी मोटर, गिअर आणि पोझिशन सेन्सर. झडप पूर्ण बंद कुठे होते ते ईसीयू शिकून ठेवतो. नट फिरवला की ते गणित चुकतं, कोड येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू ताकद आवरून धरतो. प्रीलोड ही कल्पनाच तिथे लागू नाही, कारण मोटर स्वतः झडप दाबून धरते. हवेच्या ॲक्च्युएटरला झडप उघडायला आधी बूस्ट लागतो. तुमची मोटर बूस्ट नसतानाही उघडू शकते, गार इंजिन सुरू झाल्यावर कॅटॅलिस्ट लवकर तापावा म्हणून. सकाळी पहिल्या मिनिटाला टर्बोच्या बाजूने वेगळा आवाज आला तर लगेच गॅरेज गाठू नका. बूस्ट वाढवायचाच असेल तर तो सॉफ्टवेअरमधूनच, आणि वॉरंटी संपल्यावर.

टीएसआय_नवा

वॉरंटी अजून दोन वर्षं आहे. तोवर पाना घरीच ठेवतो.